घुटना बाबूंच्या घरचं जेवण

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण रेल्वेचं वेळापत्रक मला आजवर कुणाकडून वाचून घ्यावं लागलेलं नाही, आणि मुजफ्फरपूरच्या प्रवासातही लागलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्या घरात ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगितली जाते.

दिल्लीतल्या एका सरकारी कार्यालयात मी छत्तीस वर्षं दफ्तरी होतो. फायली शिवायच्या, गठ्ठे बांधायचे, साहेबाने मागितला तो कागद काढून द्यायचा. आमच्या खोलीत पाच टेबलं होती. सगळ्यात मोठं माझं, म्हणून दुपारी सगळ्यांचे डबे माझ्याच टेबलावर उघडायचे. माझ्या शेजारचं टेबल डायरीचं. आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंद तिथे व्हायची, आणि ती करणारे बाबू बिहारमधल्या मुजफ्फरपूरचे. मी त्यांना बाबू म्हणायचो, ते मला मराठा म्हणायचे. माझ्या डब्यात रोज ठेचा असायचा. त्यातला चमचाभर मी त्यांच्या डब्याच्या झाकणावर वाढायचो आणि ते तो पुसून खायचे.

एके दिवशी त्यांनी डब्यातून चोखा काढला. भाजलेलं वांगं, कांदा, लसूण आणि वरून कच्चं मोहरीचं तेल. बाबूंनी चमचा माझ्यासमोर धरला, "लीजिए मराठा, आज आप हमारा चखिए." त्या तेलाचा वास माझ्या नाकात गेला आणि मी मोठ्याने म्हणालो, "बाबू, ये तेल हमारे यहां घुटनों पे लगाते हैं, खाते नहीं!"

खोली हसून हसून लोळली. बाबूही थोडं हसले, चमचा परत डब्यात ठेवला, झाकण लावलं. पण ते तिथेच संपलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं नाव 'घुटना बाबू' पडलं. शिपाई म्हणायला लागले, कॅन्टीनवाला म्हणायला लागला. ते निवृत्त झाले त्या दिवशी साहेबाने हार घालताना माइकवर तेच नाव घेतलं आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्यानंतर त्यांनी खोलीतल्या तिघांना गावी जेवायला बोलावलं. मला नाही.

हे कळलं त्या संध्याकाळी सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये बायको मला म्हणाली होती, "माफी मागायला तुमची जीभ उचलणार नाही, मला ठाऊक आहे. मग निदान एकदा त्यांच्या घरी जाऊन पोटभर जेवून या. ते त्यांना कळेल." मी म्हटलं, "बघू." बघता बघता बायको गेली. सरकारी क्वार्टर सुटलं, मी मानेसरला मुलाकडे आलो. तो गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. मागच्या वर्षी दिवाळीआधी त्या तिघांपैकी शेवटचाही गेल्याचा फोन आला. पाच टेबलांपैकी दोन उरली, त्यांचं आणि माझं.

त्याच दिवशी मी फोन लावला.

"बाबू, मैं आ रहा हूं."

"कहां?"

"आपके घर. खाना खाने."

मग ते म्हणाले, "अपनी रोटी घर से बांध के लाइएगा, मराठा. हमारे यहां तेल अभी भी वही है."

मी म्हटलं, "खाली हाथ आऊंगा," आणि फोन ठेवला. बोलून गेलो, पण हे सोपं नव्हतं. आमच्या घरात माणूस दोन स्टेशनं पुढे निघाला तरी शिदोरीशिवाय उंबरा ओलांडत नाही. दिल्लीहून मनमाडला जाताना बायकोच्या दशम्या आणि चटणी संपली की मी उपाशी बसायचो, पण परक्या हातचं खायचो नाही. याचा मला मोठा अभिमान होता.

मुलगा म्हणाला, "बाबा, पाटण्याची फ्लाइट बुक करतो. मी पण सुट्टी टाकतो, सोबत येतो."

"तुझं काय काम आहे तिथे?"

"तुमचे गुडघे पाहिलेत का? डॉक्टर काय म्हणाले?"

"गुडघे माझ्याबरोबर येणार आहेत. ते काय करतात ते मी बघून घेईन."

गुडगावच्या स्टेशनावर जाऊन, रांगेत उभा राहून, हिंदीत फॉर्म भरून मी खालचा बर्थ घेतला. मग वहीच्या पानावर सगळा बेत लिहून काढला: घरापासून शेअर ऑटो, हायवेवरून बस, गुडगावहून पिवळी मेट्रो, आयएनएला उतरून गुलाबी मेट्रो, आनंद विहार. आनंद विहारच्या खाली दोन रेघा ओढल्या, कारण बिहारची गाडी तिथून सुटते. मुलाने तो कागद पाहिला आणि म्हणाला, "हे सगळं मोबाइलमध्ये येतं, बाबा." मी म्हटलं, "मोबाइलची बॅटरी संपते. कागदाची नाही."

निघायच्या दिवशी सुनेने दशम्यांचा डबा पुढे केला. मी परत दिला. तिचे डोळे मोठे झाले. "बाबा, असं रिकामं कसं पाठवू? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? गाडीतले? ते मला ओळखत नाहीत."

"बिल्कुल ऐकत नाहीत," ती मुलाला म्हणाली, माझ्यासमोरच.

आता ती गोष्ट सांगतो जी घरात अजून कुणाला माहीत नाही. गुलाबी मेट्रोत मला बसायला जागा मिळाली. आश्रम गेलं, आणि पुढची घोषणा झाली, निजामुद्दीन. बस्स. मी उठलो, पिशवी उचलली, उतरलो, कार्ड लावून बाहेर पडलो आणि रेल्वेच्या फलाटाकडे चालायला लागलो. चाळीसहून जास्त वर्षं गाडी म्हणजे निजामुद्दीन, नाहीतर नवी दिल्ली. लग्न असो, मयत असो, मुलांची सुट्टी असो, आम्हा मराठी लोकांची गावची गाडी तिथून सुटायची. डोक्याने कागदावर दोन रेघा ओढल्या होत्या, पण पायांना कुणी सांगितलं नव्हतं. फलाटावरच्या पाटीवर माझी गाडी दिसेना तेव्हा खिशातला कागद काढला. आनंद विहार. त्याच मेट्रोत नुसतं बसून राहिलो असतो तरी पोचलो असतो.

गाडीला एक तासही उरला नव्हता. मुलाला फोन करावा, असं एकदा मनात आलं. पण तो म्हणाला असता, घरी या. आणि मग बाबूंना मी काय सांगणार होतो? की मराठा आलाच नाही? त्यांना तसंही हेच वाटत होतं. मी वळलो. जाताना उतार होता, येताना चढ, आणि दोन्ही गुडघे आत दगड भरल्यासारखे झाले. दर वीस पावलांवर कठड्याला धरून थांबायचो आणि पुढचे वीस मोजायचो. एक बाई म्हणाल्या, "अंकल, व्हीलचेअर मंगवा दूं?" मी म्हटलं, "उतना टाइम नहीं है." पुन्हा कार्ड लावलं, पुन्हा गुलाबी मेट्रो. आनंद विहारला सरकत्या जिन्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा न घाबरता पाय ठेवला, कारण घाबरायला सवड नव्हती. डब्याचा दांडा धरून आत चढलो आणि बर्थवर टेकलो, तोच गाडी हलली.

थोड्या वेळाने पाण्याची बाटली काढायला पिशवीत हात घातला तर टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या दशम्या. सुनेने घातल्याच होत्या! रागही आला आणि भूकही लागली. समोर सीतामढीचं एक म्हातारं जोडपं बसलं होतं. पुडकं त्यांच्या हातात दिलं. दोघांनी आवडीने खाल्लं आणि बदल्यात सत्तू, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, भरलेला पराठा आणि मोहरीच्या तेलातलं लोणचं माझ्यासमोर धरलं. मी हात जोडले.

म्हातारी म्हणाली, "अपना खिला दिए, हमारा नहीं खाएंगे? व्रत है क्या?"

"हां," मी म्हटलं, "घुटने का व्रत है. कल छूटेगा."

तिला वाटलं, महाराष्ट्रात असतं असं काहीतरी. तिने नमस्कार केला. पहिला घास बाबूंच्याच घरी घ्यायचा, हे माझं ठरलेलं होतं. रात्र मी चहा आणि दोन केळ्यांवर काढली.

सकाळी मुजफ्फरपूरच्या फलाटावर बाबू उभे होते. गळ्यात गमछा, हातात काठी, अंगाने अर्धे झालेले. त्यांनी आधी माझी पिशवी हातात घेतली, दाबून पाहिली.

"रोटी नहीं लाए?"

"बोला था, खाली हाथ आऊंगा."

"देखते हैं," ते म्हणाले.

घरी अंगणात गोवऱ्यांचा जाळ लावलेला होता. त्यांची बायको, म्हणजे भाभीजी, राखेतून लिट्ट्या उलटत होत्या. लिट्टी म्हणजे कणकेचा गोळा, आत सत्तू, लसूण, ओवा. आपल्या बाट्यांसारखा दिसतो, पण आत वेगळंच काही निघतं. शेजारी भाजलेली वांगी सोललेली होती. बाबूंनी स्वतः खाली बसून वांगं कुस्करलं, कांदा घातला, आणि बाटली उघडून माझ्याकडे बघत बघत तेल ओतलं. नेहमीपेक्षा जास्त ओतलं असणार, कारण भाभीजी म्हणाल्या, "अरे, बस कीजिए!"

मी पहिला घास घेतला. खोटं कशाला लिहू, आवडलं नाही. तेलाचा ठसका थेट नाकातून कपाळात गेला. सत्तू कोरडा, घशात अडकणारा. पण गिळला. दुसरा घेतला. ताट संपवलं आणि पुढे केलं.

"छोड़ दीजिए," बाबू म्हणाले. "आपसे नहीं होगा."

"और दीजिए."

"जबरदस्ती काहे खा रहे हैं?"

"आप परोसिए तो."

त्यांनी वाढलं. मी पुन्हा खायला लागलो. तिसऱ्या लिट्टीला मला घाम फुटला होता. बाबू काठीवर हनुवटी टेकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आपका वो ठेचा, मराठा. हम कितने साल खाए. रोज रात को पेट पकड़ के बैठते थे. इनसे पूछिए."

मी भाभीजींकडे पाहिलं. त्या मान डोलवत होत्या. "रोज ठंडा दूध पीते थे."

"तो बोले क्यों नहीं?"

"आप इतने प्यार से देते थे. कैसे बोलते?"

माझा हात ताटातच राहिला. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांना ठेचा फार आवडतो. मी चेष्टा केली त्या दिवशीही त्यांनी तो पुसून खाल्ला होता, दुसऱ्या दिवशीही. बायको म्हणाली होती, जेवलात की त्यांना कळेल. पण आता नुसतं जेवून भागणार नव्हतं. मी घास खाली ठेवला.

"बाबू, वो नाम मेरी वजह से पड़ा. गलती मेरी थी."

जीभ उचलली. मलाच नवल वाटलं.

बाबूंनी भाभीजींना खूण केली. त्या आत गेल्या आणि वाटीत लसूण घालून कोमट केलेलं तेच तेल घेऊन आल्या. बाबूंनी वाटी माझ्यापुढे सरकवली.

"खा लिए. अब जहां आपके यहां लगाते हैं, वहां भी लगा लीजिए. सुबह से देख रहे हैं, लंगड़ा रहे हैं."

मी पायजमा वर केला. त्यांनीही धोतर वर घेतलं. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा सुजलेले होते. अंगणात बसून आम्ही दोघं एकाच वाटीतलं तेल चोळत होतो आणि भाभीजी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

तिसऱ्या दिवशी निघताना भाभीजींनी लिट्ट्या बांधायला घेतल्या. दशम्यांची हकीकत मी सांगितली होती, म्हणून बाबू म्हणाले, "मत बांधो, रास्ते में किसी को दे देंगे." मी पिशवी उघडून धरली. परतीच्या गाडीत मी त्या एकट्याने खाल्ल्या. कुणाला दिल्या नाहीत.

तेल अजूनही आवडत नाही. पण सुनेला एक बाटली आणून ठेवायला सांगितलं आहे. थंडी ओसरली की बाबू आणि भाभीजी मानेसरला येणार आहेत. त्यांना आनंद विहारहून घरापर्यंत कसं आणायचं, तो कागद मी लिहून ठेवला आहे. ठेचा मीच वाटणार आहे, आणि मिरच्या निम्म्या घालणार आहे.