नवसाची लेक

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नांदेडला मुलामुलींचं पाचारण-शिबिर घेतो. पाचारण म्हणजे देव आपल्याला कशासाठी बोलावतोय ते ओळखणं. कुणाला संसारासाठी, कुणाला फादर किंवा सिस्टर होण्यासाठी. मी स्वतः सिस्टर आहे, पण शिबिरात डोळे मिटून, मान वाकडी करून बसलेलं पोरगं दिसलं की माझं डोकं फिरतं. देवानं बोलावलेली माणसं अशी आजारी दिसत नाहीत. खोड्या करणारी, अर्धापूरच्या केळ्यांचा घड दुपारच्या आत फस्त करणारी पोरं मला जास्त भरवशाची वाटतात.

शिबिरात भाषणं कमी. दुपारी लिंबाखाली सगळे गोल बसतो आणि एक पेटलेली मेणबत्ती या हातातून त्या हातात जाते. ज्याच्या हातात ती, त्यानं आपला अनुभव सांगायचा. देव कधी जवळ वाटला, कधी अजिबात वाटला नाही. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. हा नियम माझ्यासारख्या तोंडाळ बाईला किती जड जातो, ते माझं मलाच ठाऊक.

त्या वर्षी सुरुवात मीच केली. वडिलांशी भांडून मठात आले आणि पहिला आठवडाभर आईच्या हातच्या भाकरीसाठी उशीत तोंड खुपसून रडले, हे सांगितलं. देवाची तेव्हा आठवणसुद्धा आली नव्हती. पोरं खळखळून हसली आणि मोकळी झाली. हदगावच्या एका मुलानं तर सांगूनच टाकलं, की प्रार्थनेला बसलं की त्याला वर्गातल्या एका मुलीचं तोंड दिसतं.

मग मेणबत्ती चाकूरकडच्या एका मुलीकडे आली. लातूरला नर्सिंग शिकणारी, शांत, पण कामाला वाघ. तिची आई स्वयंपाकाला मदत म्हणून सोबत आली होती आणि आल्या दिवशीच तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "ही देवाची हाय. सिस्टरच होनार." मुलगी तान्ही असताना न्यूमोनियानं जायची वेळ आली होती. तेव्हा आईनं चर्चमध्ये जाऊन देवाला नवस बोलला, हिला वाचव, हिला तुझ्याच पायाशी घालते. पोर वाचली. तेव्हापासून त्या घरात तिच्या लग्नाचा विषय कधी निघाला नाही.

मुलीनं मेणबत्ती दोन्ही हातांत धरली. "मला सिस्टर व्हावं वाटतं," ती म्हणाली. "पेशंटजवळ बसले की तसं लई वाटतं. पण हे माझं मन हाय का मायचा नवस, तेच कळंना झालंय. देवाला विचारायला बसले की आतून मायचाच आवाज येतो. आन् नको म्हनलं तर मी मरून जाईन का, असं भ्या वाटतं."

मी जीभ दाताखाली धरली. आई मागेच परातीत भाकरीचं पीठ मळत होती. तशाच पिठाच्या हातांनी ती उठली. आता ही पोरीला बोल लावणार असं वाटून मी अर्धी उठलेसुद्धा.

तिनं लेकीच्या हातातून मेणबत्ती घेतली. मेण बोटांवर सांडलं, पण तिला भान नव्हतं. ती आमच्याशी बोललीच नाही. वर बघून म्हणाली, "देवा, मी बोलले व्हते ते माघारी घेते. लेकरू तुझंच हाय, पन शबुद माझा व्हता, तिचा न्हाई. काय व्हायचं ते मला होऊ दे, तिला काई करू नको. आन् तुला पायजे आसंल, तर तूच ईचार तिला."

मला सल्ला द्यायचा मोहच झाला नाही. देव असा डूख धरत नाही हे मी नंतर चुलीपाशी तिला हजारदा सांगितलं. ती हो हो म्हणायची. पण जेवताना लेक नुसती खोकली तरी तिचा घास हातातच राहायचा. व्रत घेणारी पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत. दिलेला शब्द भीत भीत परत घेणारी ती एकच, आणि तिच्याइतका विश्वास मला अजून जमलेला नाही.

दोघी लातूरच्या बसनं गेल्या. मी फोन केला नाही. रोज हात शिवशिवायचे, तरी केला नाही. पोरगी पास होऊन तिथल्याच एका दवाखान्यात लागली, एवढं कानावर आलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिचाच फोन आला. "सिस्टर, देवानं विचारलं."

"कुठं?" मी वेड्यासारखं विचारलं.

"ड्यूटीवर. एका आजीचे पाय पुसत होते. मायचा आवाज न्हाई आला या वेळी."

"मग तू काय म्हणालीस?"

"थांब म्हनलं. विचार करून सांगते."

मला हसू आलं, आणि डोळेही पुसावे लागले. "आईला कळवू का मी?"

"नका, सिस्टर," ती म्हणाली. "आधी माझं मला ठरवू द्या."