बत्तीसवरून तीस

माझ्या छातीचं माप मी एकदा घासाघीस करून बत्तीसवरून तीसवर आणलं होतं. समोर दुकानदार नव्हता, सर्जन होता.

सातवीत शाळा सुटलेली, माहेर पार कुडाळला, लग्न होऊन नागपुरात जेमतेम वर्ष झालेलं, आणि त्यात डाव्या बाजूला गाठ! सर्जननी तपासलं (ते छताकडे बघत होते, मी त्यांच्या खिशातल्या पेनाकडे), गुरुवारी काढू म्हणाले आणि जाता जाता विचारलं, ब्रेसियर कितव्या नंबरची वापरता? मी पदर घट्ट लपेटून घेतला. अर्धी लाज, उरलेलं अर्धं म्हणजे मलाच माहीत नव्हतं. उद्या सांगा, म्हणाले.

घरी येऊन पेटी उपसली. सीताबर्डीची चौतीस, इतवारीतली छत्तीस, माहेरची बत्तीस. तिन्ही मलाच होत होत्या! (त्यातही छत्तीसची सगळ्यांत घट्ट.) तेव्हा दुकानदार पदराकडे ओझरतं बघून अंदाजानेच पुडी बांधायचा. परत घेणं तर नाहीच.

पण डॉक्टरांना नंबर कशाला? विचार करकरून मी एकाच जागी पोचले: नंबरच्या हिशेबाने कापणार! यांना विचारलं, तर कोराडीची ड्यूटीची बस चुकेल म्हणून निघाले. बसला अजून तास होता.

सासूबाई काटोलच्या, माहेरी संत्र्यांची बाग. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. (ती माया मी अजून विसरलेले नाही.)

"काहून घाबरून राहिली वं? आपण कमी सांगायचं. मंग तो वाढवन. मधात कुठंतरी पटन."

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊनच गेले.

"बत्तीस," मी म्हटलं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "बत्तीस?"

झालं, आता हे वाढवणार! मी घाईने म्हटलं, "बरं, तीस करा."

"काय तीस करू?"

"कापायचं. जेवढं कमी होईल तेवढं बघा, डॉक्टरसाहेब. लग्नाला वर्षच झालंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. सासूबाई मदतीला धावल्या. "आमच्या काटोलात भाव असाच पटते, साहेब."

मग त्यांनी शांतपणे समजावलं. गाठ बोराएवढी, तेवढीच काढायची. नंबर हवा होता तो नंतर पट्टीवरून आधाराला ब्रेसियर घालायची म्हणून; सिस्टर ती आणून ठेवणार होत्या. मला इतका आनंद झाला की बत्तीस दुरुस्त करायचंच राहिलं. (कितीवर दुरुस्त करणार होते, देव जाणे.)

गुरुवारी गाठ निघाली, आणि सिस्टरने बत्तीसची पुडी सोडली. एका बाजूने सिस्टर, दुसऱ्या बाजूने सासूबाई, संत्र्याच्या भरल्या पेटीवर झाकण दाबावं तसं चाललं होतं. शेवटी मागे हुकाऐवजी नाडी आली.

टाके काढायच्या दिवशी कळलं, गाठ साधी होती. मी रडत डॉक्टरांच्या पाया पडायला वाकले, तर ओरडले, आधी टाके काढू द्या! पहिला टाका काढून विचारलं, फार दुखतंय का?

"नाही, थोडंसं."

ते सासूबाईंकडे वळले. "हा खरा भाव, की काटोलचा?"

सासूबाई उत्तर देणार तेवढ्यात दुसरा टाका निघाला, आणि मी अशी किंचाळले की खरा भाव बाहेरच्या अख्ख्या रांगेला कळला.