नमुन्याचा रंग

जगातल्या प्रत्येक रंगाला एकच खरं नाव असतं आणि ते फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, अशी माझ्या मामेसासऱ्यांची पक्की खात्री आहे. आणि रंगांना नाव देऊन झालं की उरलेल्या वेळात ते माणसांना नावं ठेवतात. नॉटिंगहॅममध्ये कापड रंगवायच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं रंग जुळवायचं काम केलं. गिऱ्हाइकानं पाठवलेला कापडाचा तुकडा म्हणजे नमुना. त्या नमुन्याशी आपल्या कापडाचा रंग तंतोतंत जुळला की मामा मान हलवणार आणि मगच माल बाहेर पडणार. पुढे कारखाना बंद झाला, मामा घरी बसले, पण मान हलवायचा अधिकार काही त्यांनी सोडला नाही. विजेच्या दिव्याखाली दिसणाऱ्या रंगावर त्यांचा काडीचाही विश्वास नाही. टोमॅटो असो की पडदा, वस्तू खिडकीशी नेऊन उजेडात पाहिल्याशिवाय ते मत देत नाहीत, आणि इथल्या हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार होत असल्यामुळे नोव्हेंबरपासून त्यांची बरीचशी मतं तुंबून राहतात. माझ्या लग्नात तर मुहूर्ताला दहा मिनिटं उरली असताना त्यांनी मला शालूसकट लंडनमधल्या वेम्बलीच्या हॉलबाहेर कार पार्कमध्ये नेलं, पदर ढगाळ आभाळाखाली धरला आणि जाहीर केलं, "डाळिंबी नाही, किरमिजी आहे. दुकानदारानं फसवलं तुम्हाला." मी कुडकुडत उभी, आत गुरुजी घड्याळ बघतायत. या माणसाशी माझं कधीच जमणार नाही, असं मी तेव्हा मनाशी ठरवून टाकलं होतं.

अशा माणसाच्या घरात साप आला तो त्यांच्या मुलीमुळे. मामी गेल्यानंतर घरात ही दोघंच. मुलगी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. एका शनिवारी ती प्लास्टिकचा डबा घेऊन आली, आत कॉर्न स्नेकचं पिल्लू. बिनविषारी, पेन्सिलीएवढं, राखाडी अंगावर तपकिरी डाग. मी नेमकी तिथे होते आणि थेट जिन्याच्या चौथ्या पायरीवर गेले. मामांनी मात्र डबा शांतपणे खिडकीशी नेला. घरात साप आल्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं, त्यांची तक्रार निराळीच होती. "हा तर मातकट," ते म्हणाले. "निवडून निवडून मातकट आणलास?" मुलगी इथेच जन्मलेली, तिच्या मराठीत कोण पुल्लिंगी आणि कोण स्त्रीलिंगी याचा धरबंध नाही. "बाबा, वेट करा ना. ती बेबी आहे. मोठा झाली की पूर्ण ऑरेंज होतो." तिनं त्याचं नाव जिंजर ठेवलं. मामा पहिल्या दिवसापासून त्याला नमुना म्हणतात. त्या घरातला खरा नमुना कोण, हे मी तेव्हा बोलून दाखवलं नाही.

दोन महिन्यांनी तिनं फार्मसी सोडली. तिला प्राण्यांच्या दवाखान्यात नर्स व्हायचं होतं आणि त्यासाठी रीडिंग नावाच्या गावी जायचं होतं. मामा एकच वाक्य बोलले, "कुत्र्यांची घाण काढायला तुझ्या आईनं तुला वाढवलं नाही." आईचं नाव निघायला नको होतं. ती दुसऱ्या दिवशी गेली. भाड्याच्या खोलीत प्राणी चालत नव्हता, म्हणून साप मागे राहिला, आणि बापलेकींचं बोलणं बंद झालं.

मामांनी आयुष्यात अंडं खाल्लेलं नाही. आता त्यांच्या गॅरेजमध्ये एक छोटा फ्रीजर आहे आणि त्यात फक्त गोठवलेले उंदीर आहेत. दर आठवड्याला ते एक उंदीर कोमट पाण्यात ठेवतात, चिमट्यानं नमुन्यापुढे धरतात, आणि मग स्वतः आंघोळ करतात. संकष्टीला नमुन्यालाही उपास घडतो. एकदा नागपंचमीला वेम्बलीच्या एक बाई दूध, हळद आणि लाह्या घेऊन ट्रेननं इतक्या लांब दर्शनाला आल्या. मामांनी त्यांना जेवू घातलं, पण सापाजवळ काही फिरकू दिलं नाही. "हळदीनं रंग बिघडेल त्याचा," एवढंच कारण सांगितलं.

मुलगी गेल्याला दीड महिना झाला असेल. एका सकाळी मामांचा मला फोन आला. "सूनबाई, नमुना फिका पडलाय. डोळेसुद्धा पांढरट निळे झालेत." आवाज ऐकून मी घाबरले. मी म्हटलं, "मामा, मला काय कळतंय त्यातलं? तिला विचारा." त्यांनी फोन ठेवला. मग त्यांनी मुलीला मेसेज केला, "रंग उतरला आहे. डोळे निळसर. काय करावे?" उत्तर आलं, "शेडिंग आहे. टच करू नका." आठवड्याभरानं नमुन्यानं कात टाकली, आणि मामांना त्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंना एक कोवळा रंग दिसला. तो त्यांनी तिला कळवला, "मानेवर अबोली." पलीकडून विचारणा झाली, "अबोली मीन्स व्हॉट?" मामांनी गजऱ्याचं फूल समजावून सांगितलं. ती म्हणाली, "ओह, सॅमन!" फुलाचा मासा केला म्हणून मामा दोन दिवस धुमसत होते. अबोल्यातून अबोली उगवली, असा विनोद मी तेव्हा केला होता. कुणी हसलं नाही.

मग तो नेमच झाला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, भर दुपारी, खिडकीत नमुना, शेजारी कारखान्यातून आणलेलं जुनं रंगांचं पुस्तक, फोटो आणि खाली दोन ओळी. राखाडी मागे सरतोय. कुशीला केशरी. पाठीवरचे डाग विटकरी, कडा काळ्या. तिकडून "नाइस" नाहीतर "वॉव" यायचं, कधी नुसता अंगठा. तुम्ही कसे आहात, तू काय खाल्लंस, यातलं एक अक्षर नाही. तीन वर्षं बापलेकीत जे काही होतं ते एवढंच, आणि मामा महिनाभर त्या रविवारची वाट बघायचे.

गेल्या वर्षी एका रविवारी मी गेले तर ते सापासमोर हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. नमुना आता हातभरापेक्षा कितीतरी लांब, अंगभर शेंदरी. खरं सांगते, सुंदर दिसत होता. मामा म्हणाले, "सूनबाई, रंग बसला. गेल्या तीन फोटोंत काडीचा फरक नाही." हे वाक्य उच्चारायचा पगार त्यांनी एकतीस वर्षं घेतला, आणि आता ते घरात कुणी गेल्यासारखं सांगत होते. मी म्हटलं, "मग दुसरं काहीतरी लिहा की. कशी आहेस, घरी ये, असं लिहा."

"असं एकदम कसं लिहू?" मामा म्हणाले. त्यांनी फोन उचलला आणि लिहिलं, "पोटाकडे किंचित बदल वाटतो." कारखान्यात एक छटा इकडची तिकडे असली तर सगळा माल परत पाठवणारा हा माणूस माझ्याकडे न बघता खोटं लिहीत होता.

दिवाळीच्या सुमारास मी तिला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर तीच म्हणाली, "वहिनी, कॉर्न स्नेकचा कलर थ्री इयर्समध्ये सेटल होतो. आम्ही क्लिनिकमध्ये बघतो ना."

"मग त्यांना सांगत का नाहीस?"

"सांगितलं तर बाबा लिहिणार नाहीत."

"अगं, मग घरी ये."

"आले तर काय बोलू?"

मला दोघांचा इतका राग आला की मी फोन ठेवल्यावर रडले. तिनं सांगितलं होतं, हे साप नीट सांभाळले तर वीस वर्षं जगतात. मामांना पंचाहत्तरावं लागलंय.

परवाच्या रविवारी मी त्यांच्याकडे होते. मामांनी लिहिलं, "शेपटीजवळ थोडा फरक." लगेच उत्तर आलं, नेहमीपेक्षा लांब. "हो बाबा, दिसला. शेपटी जास्त लाल झाला. नेक्स्ट मंथ पण बघा, प्लीज." मामांनी ते दोनदा वाचलं. "झाला नाही, झाली," स्वतःशीच म्हणाले, पण ते त्यांनी तिला लिहून पाठवलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिलाही दिसतंय. तू बघ बरं."

चार वर्षांत पहिल्यांदाच मी इतकी जवळ गेले. शेपटी गेल्या वर्षी होती तशीच होती. "हो मामा, थोडी लाल झालीय," मी म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले.