अट फक्त भोपाळची

भोपाळच्या एम.पी. नगरमधलं आमचं ऑफिस बंद झालं, ही बातमी मी घरी येऊन सांगितली तेव्हा आई म्हणाली, "हातपाय धुऊन घे, पोहे टाकते." बाबांच्या चेहऱ्यावर मात्र मला चक्क उत्साह दिसला. ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरात विकत घेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाबा इंद्रपुरीजवळच्या मोठ्या कारखान्यात खरेदी विभागात होते. नागपूरहून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. सुतळीपासून क्रेनपर्यंत सगळं त्यांच्या टेबलावरून गेलं. तीन पार्ट्यांकडून दर मागवल्याशिवाय टाचणीसुद्धा घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. बिट्टन मार्केटमध्येही ते मेथीसाठी तीन ठिकाणी भाव विचारतात. तोवर चांगली मेथी संपते आणि उरलेली मेथी नियमानुसार घरी येते. ती निवडायचं काम आईकडे असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता त्यांनी जाहीर केलं, "नोकरीच्या साईटी ढीगभर आहेत. कुठेही नाव टाकत सुटायचं नाही. तुलना करू आणि सगळ्यात उपयोगाची एक निवडू."

"बाबा, सगळे सगळीकडेच टाकतात. फुकट असतं."

"फुकट देतो त्या पार्टीची तर आधी चौकशी करायची असते," बाबा म्हणाले.

माझं कामच मुळी सॉफ्टवेअर तपासण्याचं. दुसऱ्यांनी बनवलेल्या साईटींमधल्या चुका शोधायच्या, याचा मला पगार मिळायचा. पण बाबांनी चष्मा पुसून लॅपटॉप आपल्याकडे ओढला, आणि निवृत्त माणसाच्या हातून लॅपटॉप काढून घेण्याइतकी मी शूर नाही. त्यांनी तीन साईटी निवडल्या. नावं घेणं पक्षपाताचं, म्हणून त्यांना अ, ब आणि क म्हणायचं ठरलं. माझी सगळी माहिती त्यांनी एका बोटाने भरली. संपर्कासाठी नंबर त्यांचाच दिला, कारण व्यवहार एकाच माणसाच्या हातात असला म्हणजे घोळ होत नाही.

"नोकरी कोण शोधून राहिलं, तुम्ही का ती?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मी फक्त प्रक्रिया बघतोय," बाबा म्हणाले.

प्रक्रिया जोरात चालली. जवाहर चौकातल्या एका क्लासवाल्याला फोन घ्यायला मुलगी हवी होती. एका विमावाल्याला घरोघर हिंडणारी हवी होती. माझ्या कामाचं कोणीच विचारत नव्हतं. जे फोन करायचे त्यांची मुलाखत बाबा घ्यायचे. "आपकी संस्था कितनी पुरानी है? तनख्वाह किस तारीख को होती है? पहले वाली लड़की क्यों छोड़ गई?" या तिसऱ्या प्रश्नाला क्लासवाल्याने फोन ठेवला. बाबांनी खूश होऊन सांगितलं, "बघ, पार्टी कच्ची होती."

शेवटी निकाल लागला. सगळ्यात उपयोगाची साईट ब. का, तर भोपाळमधल्या सगळ्यात जास्त जागा तिच्यावर होत्या. त्या जागा कसल्या होत्या हा मुद्दा तुलनेत बसत नव्हता.

मी हसण्यावारी नेत होते, पण आतून घाबरले होते. आमच्या धंद्यात वर्षभर घरी बसलेल्या माणसाला पुन्हा कोणी उभं करत नाही. मला माझंच काम हवं होतं. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला जाणंही मी बंद केलं. तिथे वाण हातात ठेवतानाच "सध्या काय करतेस?" असं विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढच्या बाईकडे वळतात.

अशातच एका सकाळी बाबा अंघोळीला गेले असताना त्यांचा फोन वाजला आणि मी घेतला. पुण्याच्या एका कंपनीतली बाई होती. आडनाव बघून मराठीतच बोलली. "तुमचा अनुभव अगदी आमच्या कामाचा आहे हो. पण तुम्ही येणार नाही, म्हणून तुमच्या ओळखीतलं कोणी आहे का, एवढंच विचारायचं होतं."

"मी येणार नाही असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच लिहिलंय ना. फक्त भोपाळ. अन्य ठिकाणाचा विचार केला जाणार नाही."

केला जाणार नाही. ही भाषा आमच्या घरात एकच माणूस लिहितो. मी तिला उद्या फोन करायला सांगितलं, आणि बाबा टॉवेलने डोकं पुसत बाहेर येईपर्यंत तिथेच उभी राहिले.

आता बाबांची एक गोष्ट सांगायला हवी. कारखान्यात साहेब लोक कधीकधी मागणीच्या अटीच अशा लिहायचे, की त्यांच्या मर्जीतल्या एकाच पार्टीचा माल त्यात बसावा. अशा फाईली बाबा परत पाठवायचे. त्यापायी त्यांचं प्रमोशन अडलं, तरीही पाठवायचे. जेवताना आम्हाला अभिमानाने सांगायचे, "अट वाचली की पार्टीचं नाव कळतं."

म्हणून मी आरडाओरडा केला नाही. पुण्याच्या फोनचं सांगितलं आणि विचारलं, "बाबा, ही अट कोणत्या पार्टीसाठी होती?"

ते खुर्चीवर बसले. टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. मग म्हणाले, "खरेदीत असतंच ते. माल आपल्या दारात पोचला पाहिजे."

"मी माल आहे का?"

"नाही गं," ते म्हणाले. "तू गेलीस की घरात आम्ही दोघंच. तुझी आई दिवसभर बोलते, मी ऐकतो. तू घरात असलीस की मग मला बोलायला मिळतं."

मला रागही आला होता आणि रडूही. उभ्या आयुष्यात या माणसाने एका पैशाची गडबड केली नव्हती. एकच निविदा त्याने फिरवली, ती माझी. इतक्या प्रेमाने माझं कोणी नुकसान केलं नव्हतं. हे मी त्यांना तसंच बोलून दाखवलं. आई दारात उभी होती. तिने बाबांच्या हातातला ओला टॉवेल घेतला आणि वाळत टाकायला नेला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम फोन त्यांच्याकडेच ठेवला आणि दाण्याची चटणी कुटायला बसले. तो वाजला तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खलबत्त्यावरून मान वर केली नाही.

"हो, बोला. मी तिचे वडील," ते म्हणाले. त्यांचा ऑफिसचा आवाज लागला होता. आता कंपनी किती जुनी, पगार कधी, आधीची मुलगी का गेली, असं सगळं येणार म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. नुसते ऐकत होते आणि मोकळ्या हाताने टेबलावरचे शेंगदाणे एका ओळीत लावत होते.

मग म्हणाले, "नाही, ते चुकून लिहिलं गेलं होतं. पुणं चालेल तिला. दुसरीकडे कुठे पाठवलंत तरी चालेल." एवढं बोलून त्यांनी ओळीतला एक शेंगदाणा सरळ केला. आणि पुढे म्हणाले, "आमच्याकडून अट काही नाही."

आणि फोन माझ्यापुढे धरला.