थंड शेवया आणि कोरडा करा

चतुराबाईच्या शेवयांना अख्ख्या पेडगावात तोड नव्हती. हात चालायला लागला की तोंडही चालायचं; कुणाची सून आळशी, कुणाचा जावई बेवडा, सगळ्यांची हजेरी तिच्या पाटावर लागायची. पण गेले दोन उन्हाळे हात तेवढे चालत होते, तोंड मिटलेलं होतं. पुण्यात कोरियन हॉटेलात स्वयंपाक करणारा तिचा एकुलता एक नागेश एके दिवशी खोलीतून बाहेर पडला, तो परतलाच नाही. फोन बंद. पोलिसांनीही हात टेकले.

अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखितीला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं मातीचा करा पाण्यानं भरतात. ऐन वैशाखात त्यांना तहान लागते, त्या दिवशी ते नुसतं पाणी प्यायला येतात, असं म्हणतात. नागेशच्या नावाचा करा भरायला चतुराबाईनं दोनदा साफ नकार दिला होता. जित्या पोराचा करा भरणारी आई नव्हे, वैरीण, असं ती म्हणायची. यंदा मात्र नवरा, बन्सीधर, आखितीच्या सकाळीच हट्टाला पेटला.

"म्या पूर्णेला जाऊन येते," ती म्हणाली. "त्या धम्मानंदाला इचारते. तवर करा कोरडाच ऱ्हाऊ द्या."

धम्मानंद पुण्यात नागेशबरोबर राबलेला. आता पूर्णेत स्टेशनजवळ त्याचं चार टेबलांचं हॉटेल होतं, आणि उन्हाळ्यात तिथं बर्फाच्या पाण्यातल्या कोरियन शेवया मिळत. नागेश फोनवर त्यांचं फार कौतुक करायचा. "आई, एकदा तुला खाऊ घालतोच."

"गार शेवया? चूल इझली का रे तुमच्या हाटेलाची? मयताच्या घरी खात्यात तसलं," असं म्हणून ती खिदळायची. तेच बोलणं आता तिला काट्यासारखं सलायचं.

भर दुपारी स्टेशनबाहेर कुत्रंही नव्हतं. हॉटेल रिकामं. धम्मानंदकडं नागेशची काही खबर नव्हती. "न्हाई काकू," म्हणून त्यानं मान खाली घातली. मग तिनं शेवया मागवल्या. आलेच आहे, तर पोराचा शब्द तरी पुरा होऊ दे.

धम्मानंद आतून दोन भांडी घेऊन आला. एक तिच्यापुढं ठेवलं, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं.

"दुसरं कुणाला रे?"

"काकाला. हात धुवायला गेलेत का?"

"म्या एकलीच आलेय बाबा."

तो खुर्चीकडं बघतच राहिला. "खिडकीतून दिसले की. तुमच्या म्होरं बसलेले, पाठमोरे."

चतुराबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि लगोलग, वेडीच ती, आनंदही झाला. पोरगं इथंच कुठंतरी आहे, येणार आहे! "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "येईल त्यो."

करड्या शेवया, वर काकडी नि मुळ्याच्या चकत्या, आंबटसर पाण्यात बर्फाचे खडे. धम्मानंदनं कात्रीनं शेवया कापून दिल्या, तेव्हा तिच्या जिवाला चरका बसला. एवढ्या लांब शेवईला कुणी कात्री लावतं? पहिल्या घासाला दात शिवशिवले. बाहेर ऊन भाजून काढत होतं आणि समोरच्या खुर्चीकडून जुन्या विहिरीतल्यासारखा गारवा यायला लागला. लाइट गेली, पंखा थांबला, गारवा थांबेना. मान वर करायचा तिला धीर होईना. तरी केली.

समोरच्या भांड्यातल्या शेवया जशाच्या तशा होत्या. काकडी जागची हलली नव्हती. पाणी मात्र थेंबभर उरलं नव्हतं.

"उन्हानं आटलं आसंल," धम्मानंद पुटपुटला. मग त्याला तिच्या भांड्यात तरंगणारा बर्फ दिसला.

नागेश लहानपणापासून शेवयांवर तुटून पडायचा आणि उरलेलं दूध आईकडं सरकवायचा. जिता असता तर त्यानं शेवया ठेवल्या नसत्या. तिला सगळं कळलं.

"पाणी आण बाबा," ती म्हणाली.

त्यानं जग आणला. ती ओतत राहिली. जग रिकामा झाला, भांडं काही भरेना.

संध्याकाळच्या गाडीनं ती परतली. बन्सीधर कोरडा करा पुढ्यात घेऊन बसला होता. तिनं रांजणातून तांब्या बुडवून घेतला, करा काठोकाठ भरला, आणि तिथंच बसकण मारली.

"दोन वर्सं," ती रडत म्हणाली, "दोन वर्सं म्या लेकराला तहानेलं ठिवलं वो."