भोंगा कोणी वाजवला
सरकीचा उबट वास आला की शेगावचा कापसाचा जिन आठवतो. तिथं यंत्रात कापूस घालणाऱ्या बायांनी काम बंद केलं होतं. मागणी एवढीच, की दुपारी अंगावरच्या लेकरांना पाजायला बाहेर सोडा. बॉयलरवर मी होतो, आणि भोंगा वाजवणार नाही असा शब्द मीही दिला होता. तिसऱ्या सकाळी मॅनेजर म्हणाला, "वाजव, नाहीतर घरी बस." मी दोर ओढला. वर्षानुवर्षांची सवय, भोंगा ऐकताच अर्ध्या बाया डोक्याला फडकं बांधत धावत आत आल्या, आणि शिपायानं मागून फाटक लावलं. संप मोडला. दुपारी माझ्या घराशेजारची अक्का, आत आलेल्या बायांतलीच एक, बॉयलरपाशी आली. तिची चोळी दुधानं भिजली होती, तरी माझ्यासाठी भाकरी आणली होती. "काऊन भाऊ, तोंड काऊन पाडलं? त्या मेल्या मॅनेजरनंच वाजवला असंन. तुले ढकलून देल्लं काय त्यानं?" मी म्हणालो, "हाव." तिनं माझे दोन्ही हात उलटेपालटे करून कुठं लागलंय का ते पाहिलं. कुठंच लागलं नव्हतं. अक्का आता नाही. मला कोणी ढकललं नव्हतं, हे इतक्या वर्षांनी निदान कागदाला तरी सांगतो.