तळ्याकाठचे धाकटे सरकार

आमच्या ल्योवेनाउच्या राजाला दोन मुलगे. थोरले आल्ब्रेख्त, धाकटे एगोन. थोरल्यांना मास्तर, घोडा, तलवार आणि पुढेमागे गादी. धाकट्यांना थोरल्यांचे आखूड झालेले कोट. माझी आई राजवाड्याच्या शिवणखान्यात होती. ते कोट उसवून धाकट्यांच्या मापाचे करायचं काम तिच्याचकडे असे.

एकदा थोरल्यांना गोवर निघाला आणि ताप काही उतरेना. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा राजवाड्याला एकदम आठवलं की आपल्याला आणखी एक मुलगा आहे. मग धाकट्यांची घाईघाईनं शिकवणी सुरू झाली. गादीवर कसं बसायचं, सरदारांना काय विचारायचं, दरबार कसा भरवायचा. एवढ्यात थोरले बरे झाले आणि शिकवणी तिथंच थांबली.

"वाल्बुर्गा, मला दरबार भरवता येतो," ते मला पुढे हसत सांगायचे, "पण उठवता येत नाही. तो धडा राहूनच गेला."

हसत सांगायचे खरे, पण आई म्हणायची, शिकवणी थांबली त्या आठवड्यात पोर कुणाशी बोललं नाही.

थोरले गादीवर आले, त्यांचं लग्न झालं, मुलगा झाला. गडावरून तोफा सुटल्या. मी तेव्हा लग्न होऊन इथं ओबरझीलला तळ्याकाठच्या खाणावळीत आले होते. त्या संध्याकाळी धाकटे सरकार घोड्यावरून आले आणि बूट न काढता टेबलावर चढून नाचायला लागले. काका-पुतण्यांच्या गोष्टींत एरवी विष आणि सुरेच ऐकायला मिळतात. माझ्या नवऱ्याला, कास्परला, राहवेना.

"सरकार, पोरगा भावाला झालाय, तुम्हाला नाही!"

"म्हणून तर नाचतोय! काल गादीसाठी भावानंतर माझाच नंबर होता. आज माझ्यापुढे एक जण आला. आता माझ्याकडे कोण बघतंय?"

थोरल्यांनी त्यांना तळ्याकाठचं शिकारीचं जुनं घर देऊन टाकलं. मासे टिकावेत म्हणून त्यांना धुरी कशी द्यायची, ते कास्परकडून शिकले. पहिल्या वर्षी कास्पर तोंडावर म्हणाला, "सरकार, हा मासा आहे की बुटाचा तळवा?" पण ते चिकाटीचे. लाकूड किती सुकवायचं, धूर किती कोंडायचा, हे हळूहळू हाताला कळलं. मग त्यांचा मासा घ्यायला शहरातून गाड्या यायला लागल्या.

असं सगळं सुरळीत असताना पाहुणे आले. दक्षिणेकडच्या एका नव्या देशाची गादी रिकामी होती. अशा वेळी तिकडचे लोक आमच्याकडच्या घराण्यांतले धाकटे मुलगे बघत फिरायचे, उपवर मुलीचा बाप स्थळं बघतो तसे. बोलणी करायला आलेले, मोठाल्या मिशांचे तीन वकील आमच्याच खाणावळीत उतरले. थोरले सरकारही मुद्दाम आले. मी वाढत होते, म्हणून सगळं ऐकलं.

"सत्तर खोल्यांचा राजवाडा आहे. समोर समुद्र, मागं अंजिरांची बाग," मोठे वकील म्हणाले.

"आणि आधीचे राजे?" धाकट्यांनी विचारलं.

"ते... प्रवासाला गेले."

"बरं. त्यांच्या आधीचे?"

वकिलांनी मान खाली घातली. "ते बागेतच आहेत. अंजिरांखाली."

कास्परला ठसका लागला. थोरले मात्र चिडले. "थट्टा पुरे, एगोन. जन्मभर माझ्या सावलीत बसणार आहेस का? हे लोक तुला राजा करायला आलेत."

धाकटे उठले. होडी सोडून तळ्यावर गेले ते दिवस कलेपर्यंत आले नाहीत. आले ते थेट माझ्या स्वयंपाकघरात, चुलीपाशी.

"मला मागायला कुणी आलं, असं आजवर झालं नव्हतं," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. होडीत बसून मी राजा होऊन बघितलं. मुकुट जमला, सलाम जमले. पण सगळं आटोपून संध्याकाळी घरी कुठं यायचं, ते काही जमेना. मी नाही म्हणणार आहे."

तेव्हा मी तोंड उघडलं. "सरकार, रागावू नका. त्यांचा गाडीवान सकाळी इथं जेवत होता. तो म्हणाला, तुमच्या आधी तिघांना विचारून झालंय."

 ते असे हसले की चुलीवरचं झाकण वाजलं. "म्हणजे तिथंही मी धाकटाच!"

वकील पाचव्या घरी गेले. थोरल्यांनी वर्षभर अबोला धरला, पण दर शनिवारी धुरी दिलेले मासे मात्र न चुकता मागवले. पुढच्या वर्षी धाकट्यांनी जनावरांच्या डॉक्टरांची मुलगी, गेरलिंडे, हिच्याशी लग्न ठरवलं. ती राजघराण्यातली नव्हती, तेव्हा मुलांना किताब मिळणार नव्हता. ते सांगायला थोरले आले, तर गेरलिंडेच म्हणाली, "भावोजी, किताब घालून गोठ्यात जाता येत नाही. राहू दे तुमच्याकडेच." अबोला तिथं सुटला. दोन मुली झाल्या. एक सुईण झाली, दुसरी होड्या बांधते.

मोठं युद्ध संपलं, तेव्हा सगळ्या गाद्या गेल्या, आमचीही. थोरले सरकार ते बघायला उरले नव्हते. त्यांचा मुलगा दोन पेट्या घेऊन काकांच्या दारात उभा राहिला.

"काका, मला काहीच येत नाही."

"मलाही येत नव्हतं," काका म्हणाले. "कोट काढ. लाकडं आत आण."

पुतण्याचा पहिला मासा कोळसा झाला. कास्पर तोवर वारला होता, म्हणून बुटाच्या तळव्याचं मीच सुनावलं.

परवा धाकट्यांना शहात्तरावं लागलं. गुडघे कुरकुरतात, कान सोयीनं ऐकतात. रविवारी काका-पुतणे चर्चमध्ये एकाच बाकावर बसतात. त्यांच्या कपड्यांना धुराचा असा काही खमंग वास असतो, की पाद्रीबुवांना भूक लागून प्रवचन लवकर आटपतं. गावाची त्याबद्दल काही तक्रार नाही.